तुटलेलं बोट थेट बर्फात टाकू नका

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

सोयाबीनची मळणी सुरू झाली की आपल्या दैनिकाच्या तालुका पानांवर एक बातमी हमखास येते. मळणी यंत्रात हात गेला, मजुराची तीन बोटं तुटली, पुढील उपचारासाठी हलवलं. दिवाळीनंतर तीच बातमी उसाच्या फडातल्या कोयत्याची असते, जानेवारीत तुरीच्या मळणीची, उन्हाळ्यात रसवंतीच्या चरकाची. कडबा कुट्टी, वाळूजच्या प्रेस मशीन आणि जालन्याच्या रोलिंग मिल यांना तर हंगामच नाही. पण तुटलेली बोटं कुणी उचलली का, कशात घालून नेली, किती वेळात पोचवली, हे बातमीत कधी नसतं. तुटलेली बोटं आणि हात परत जोडण्याच्या शस्त्रक्रियेत काम करणारे आम्ही डॉक्टर आणि परिचारिका आहोत. आमच्या दृष्टीनं बातमीतून गळलेली ती ओळच सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून हे पत्र. लांबलं आहे, पण शक्यतो काटछाट न करता छापावं ही विनंती.

तुटलेलं बोट जोडता येतं, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. १९६२ साली बोस्टनमध्ये १२ वर्षांच्या मुलाचा खांद्याजवळ तुटलेला हात जोडला गेला, १९६५ साली जपानमध्ये कोमात्सु आणि तमाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा जोडला. तेव्हापासून हे तंत्र पुष्कळ पुढं गेलं आहे. अडचण होते ती अपघात झाल्यापासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंतच्या वाटेत. आमच्याकडे तुटलेला भाग बहुधा तीनपैकी एका अवस्थेत येतो: पाण्यानं भरलेल्या बाटलीत किंवा तांब्यात, रुमालात हळद लावून गुंडाळलेला, नाही तर बर्फाच्या खड्यांत खुपसलेला. तिसरी चूक सगळ्यात जास्त मन दुखवते. नातेवाइकांनी धावपळ करून बर्फ मिळवलेला असतो, आणि नेमकं त्या बर्फानंच बोट मारलेलं असतं.

बर्फानं बोट मरतं कसं, ते नीट समजून घ्यायला हवं. फ्रीजरमधून नुकताच काढलेला बर्फ शून्य अंशाचा नसतो, तो उणे १० ते उणे १८ पर्यंत थंड असतो. असा बर्फ कातडीला टेकला की पेशींमधलं पाणी गोठतं, त्याचे टोकदार स्फटिक होतात आणि ते पेशीचं आवरण फाडतात. फ्रीजरमध्ये विसरलेला टोमॅटो बाहेर काढल्यावर कसा लिबलिबीत होऊन पाणी सोडतो, तेच इथं घडतं. डब्यातून काढताना असं बोट पांढरंफटक, मेणासारखं आणि कडक लागतं. तासाभरात ते मऊ पडतं आणि निळसर होत जातं. बोटाच्या दोन्ही अंगांनी जाणाऱ्या धमन्या जेमतेम १ मिलिमीटर जाडीच्या, टोकाकडे त्याहून बारीक. त्यांचं आतलं अस्तर एकदा का खराब झालं, की सूक्ष्मदर्शकाखाली केसापेक्षा बारीक दोऱ्यानं टाके कितीही नेटके घाला, रक्त तिथंच साकळतं.

पाण्यात बुडवून आणलेल्या भागाचं वेगळंच नुकसान होतं. धुणं धुतल्यावर बोटं कशी पांढरी आणि सुरकुतलेली होतात, तशी कातडी तर होतेच, पण आतल्या रक्तवाहिन्या आणि नसाही (म्हणजे जाणीव वाहून नेणारे मज्जातंतू) पाणी शोषून फुगतात. फुगलेल्या नळीची दोन टोकं एकमेकांना धड बसत नाहीत. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, फॉर्मालिन ही द्रव्यं तर उघड्या पेशी जाळूनच टाकतात. हळद, चुना, चहापत्ती, तंबाखू, कुंकू यांतलं काहीही लावलेलं असलं की ते काढण्यातच अर्धा तास जातो, आणि चुन्यानं भाजलेलं परत येत नाही. पडलेला दात दुधात ठेवायचा असतो, तो नियम बोटाला लागू नाही. बोट दुधात ठेवू नका.

आता नीट कसं ठेवायचं ते. मेडिकलमधून नॉर्मल सलाईनची, म्हणजे एन.एस. लिहिलेली १०० मिलिलिटरची बाटली आणि निर्जंतुक गॉजचं पाकीट आणा. ग्लुकोजची बाटली नको. आर.एल. (रिंगर लॅक्टेट) असेल तर चालेल. बोटाला माती, भुसा लागला असेल तर वरून सलाईनची धार हलकेच सोडा. चोळू नका, ब्रश लावू नका, लोंबणारे धागे किंवा कातडीची टोकं कापू नका. तो ‘धागा’ बऱ्याचदा नस किंवा स्नायूबंध असतो. गॉज सलाईनमध्ये भिजवून घट्ट पिळा. हातात धरल्यावर ओलसर लागावं, पण थेंब पडू नये. त्यात बोट गुंडाळा. एकापेक्षा जास्त बोटं असतील तर प्रत्येक वेगळं गुंडाळा. सलाईन मिळालंच नाही तर स्वच्छ कोरड्या सुती कापडात गुंडाळलेलं चालेल, विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात बुडवलेलं मात्र चालणार नाही.

गुंडाळलेला भाग स्वच्छ, कोरड्या प्लास्टिक पिशवीत घालून हवा दाबून बाहेर काढा आणि गाठ मारा. झिपची पिशवी असेल तर उत्तम, दवाखान्यात हातमोजा मिळाला तर त्याचाही उपयोग होतो. पातळ कॅरीबॅगला भोक असतं, म्हणून आधी फुगवून बघा. ही पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून पुन्हा गाठ मारा. मग एका डब्यात बर्फ घ्या आणि त्यात पाणी ओता. बोटासाठी साधारण १ किलो बर्फाला अर्धा लिटर पाणी पुरतं, पंजा किंवा अख्खा हात असेल तर बादली किंवा थर्माकोलचा खोका आणि ५ किलो तरी बर्फ लागतो. पिशवी त्या बर्फ-पाण्यात ठेवा. पाणी घालायचं कारण साधं आहे. पाणी आणि वितळता बर्फ एकत्र असेपर्यंत ते मिश्रण शून्य अंशाच्या खाली जात नाही, आणि पिशवी व गॉजच्या आत बोट जवळपास ४ अंशांवर राहतं. हवं तेवढं थंड, पण गोठलेलं नाही. वाटेत दर तासाला झाकण उघडून बर्फाचे खडे तरंगताहेत का ते पाहा. नसतील तर थोडं पाणी काढून बर्फ घाला.

बर्फ कुठून आणायचा हा प्रश्न खेड्यात खरा आहे. रसवंती, कोल्ड्रिंकचं दुकान, किराणा दुकानातला पेप्सीचा फ्रीजर, लग्नाचं कार्यालय, कुठूनही आणा. बर्फ मळका असला तरी हरकत नाही, कारण तो पिशवीच्या बाहेर राहणार आहे. फक्त कुल्फीवाल्याच्या गाडीवरचा बर्फ टाळा. त्यात मीठ असतं, आणि मिठाच्या बर्फाचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. कुल्फी जमते ती त्यामुळंच, बोटही तसंच जमेल. फ्रीजरमधली पेप्सीची कांडी पिशवीला थेट चिकटवू नका, मध्ये पाणी हवंच. डबा म्हणून शेतात नेतात तो पाण्याचा थर्मास जार उत्तम. घरी पोळ्या गरम ठेवायचा कॅसरोल असतो, तो थंडही तितकाच वेळ राखतो. गाडी येईपर्यंत बोट घरच्या फ्रीजमध्ये ठेवायची वेळ आली तर पिशवी खालच्या कप्प्यात ठेवा, वरच्या बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही.

ही सगळी गोष्ट गावात ज्यांना आधीपासून कळते त्या म्हणजे उपकेंद्राच्या एएनएम सिस्टर. लशीच्या डब्यात गोठलेले आइसपॅक लगेच भरत नाहीत. ते बाहेर ठेवतात, घाम फुटू देतात, हलवल्यावर आत पाणी खुळखुळलं की मगच डब्यात घालतात, नाही तर हिपॅटायटिस बी किंवा डीपीटीसारखी लस गोठून वाया जाते. तुटलेल्या बोटाचा नियम हाच आहे. लशीचे डबे फक्त लशीसाठी राखून ठेवावे लागतात हे मान्य, पण प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात वापरातून काढलेला एखादा डबा, चार आइसपॅक, दोन सलाईनच्या बाटल्या, गॉज आणि जाड पिशव्या एवढं सामान वेगळं बांधून ठेवलं तर सरकारला त्याचा काडीचाही बोजा होणार नाही. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी ही गोष्ट मनावर घ्यावी, असं आम्हाला फार वाटतं.

थंड ठेवल्यानं वेळ विकत मिळतो. बोटात स्नायू जवळजवळ नसतात, कातडी, हाड आणि स्नायूबंध रक्ताशिवाय बरेच तास तग धरतात. म्हणून न थंड केलेलं बोट साधारण १२ तासांपर्यंत आणि नीट थंड ठेवलेलं २४ तासांपर्यंत जोडण्याचा विचार करता येतो. मनगटाच्या वर तुटलेल्या हाताचं गणित फार वेगळं आहे. तिथं स्नायू भरपूर, आणि स्नायू ६ तासांत मरू लागतात. थंड ठेवला तर मुदत १० ते १२ तासांपर्यंत ताणता येते. उशिरा जोडलेल्या हाताचं रक्त पुन्हा सुरू होतं तेव्हा मेलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम आणि इतर विषारी द्रव्यं एकदम शरीरात शिरतात. त्यानं हृदयाचे ठोके बिघडू शकतात, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. हात आणलेला असूनही डॉक्टर जोडायला नकार देतात त्यामागं हे कारण असतं. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो. अशा उन्हात उघड्या जीपच्या टपावर ठेवलेल्या पिशवीतल्या हाताला हे ६ तासही मिळत नाहीत.

पण तुटलेल्या भागाआधी माणूस. हात यंत्रात अडकला असेल तर पहिल्यांदा वीज तोडा, नुसतं बटण बंद करून थांबू नका, प्लग काढा किंवा मेन स्विच पाडा. लोडशेडिंगमध्ये बंद पडलेली मशीन मध्येच सुरू होते. ट्रॅक्टरवर चालणारं यंत्र असेल तर पीटीओ (ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणारा दांडा) सोडवून इंजिन बंद करा. हात ओढून काढू नका. कुट्टीचं चाक हातानं सावकाश उलटं फिरवा, नाही तर पान्यानं रोलरचे नट ढिले करा. ओढलेल्या हातात स्नायूबंध आणि नसा कोपरापासून उपटून येतात, आणि उपटलेली नस बहुतेकदा जोडता येत नाही.

रक्त थांबवायला स्वच्छ कापडाची जाड घडी जखमेवर ठेवून तळहातानं दाबा आणि हात छातीच्या वर धरा. १० मिनिटं सलग. दर मिनिटाला उघडून पाहिलं की साकळू लागलेलं रक्त पुन्हा सुटतं. पूर्ण तुटलेली धमनी आकसून आत ओढली जाते, त्यामुळं पूर्ण तुटलेल्या बोटाचं रक्त दाबानं बहुधा थांबतं. अर्धवट कापलेली धमनी उघडी राहते आणि जास्त वाहते. सुतळी, वायर, सायकलची ट्यूब बोटाला किंवा मनगटाला आवळू नका. बारीक दोरी नस चिरडते आणि रक्त मात्र थांबवत नाही. दंड किंवा मांडीची मोठी रक्तवाहिनी तुटून रक्त उसळत असेल आणि दाबून थांबत नसेल, तेव्हाच जखमेच्या वर चार बोटं रुंद पट्टा, उपरणं किंवा ओढणी घट्ट आवळा, बांधल्याची वेळ लिहून ठेवा आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सैल करू नका. त्याच हाताच्या उरलेल्या बोटांतल्या अंगठ्या आणि मनगटातलं कडं, बांगड्या लगेच काढा. सूज चढली की ते कापावं लागतं.

बोट कातडीच्या पट्ट्यावर लोंबत असेल तर ते तोडून टाकू नका. त्या पट्ट्यातून एखादी बारीक शीर (रक्त परत नेणारी रक्तवाहिनी) चालू असू शकते, आणि जोडणी सगळ्यात अवघड असते ती शिरांचीच. ओल्या गॉजनं झाकून, पुठ्ठा किंवा पट्टी लावून सरळ बांधा आणि पट्टीवरून बाहेरून बर्फाची पिशवी धरा.

रुग्णाला तोंडानं काहीही देऊ नका. धीर यावा म्हणून लोक घोटभर चहा पाजतात, भूल द्यायला त्यानं तास वाया जातात. ओठ ओले करा, तेवढं पुरे. तंबाखूची चिमूट किंवा विडी तर अजिबात नको. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे रुग्णाच्या खोलीत इतरांनीही विडी-सिगारेट ओढायची नाही, ती याचसाठी.

यानंतर वेळ जातो तो दवाखान्यांच्या साखळीत. गावातून ग्रामीण रुग्णालय, तिथून उपजिल्हा, तिथून जिल्हा, मग संभाजीनगर, पुणे, सोलापूर किंवा हैदराबाद. प्रत्येक ठिकाणी केसपेपर, एक्स-रे, थांबा. किनवट, अहमदपूर, आष्टीसारख्या तालुक्यांतून निघालेल्या माणसाचे ६ तास असेच संपतात. १०८ ला फोन करतानाच दुसऱ्या फोनवरून मोठ्या रुग्णालयाला दोनच प्रश्न विचारा: रक्तवाहिनी जोडायचा मायक्रोस्कोप आहे का, आणि ते करणारा सर्जन आत्ता हजर आहे का. दोन्हीपैकी एकाचंही उत्तर ‘नाही’ असं आलं तर पुढचा नंबर लावा, गाडी तिकडं वळवू नका. वय, कोणतं यंत्र, उजवा की डावा हात, किती वाजता, मधुमेह आहे का, शेवटचं कधी जेवले आणि भाग थंड ठेवला आहे का हे सांगा. जखमेचा आणि तुटलेल्या भागाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर टेबल तयार ठेवता येतं.

ग्रामीण रुग्णालयातल्या आमच्या सहकाऱ्यांना कळकळीची विनंती. दाबपट्टी, सलाईनची लाईन, धनुर्वाताचं इंजेक्शन, अँटिबायोटिक आणि वेदनाशामक यांना २० मिनिटांहून जास्त लागू नयेत. रक्तवाहिन्यांना चिमटा लावू नका, जखम शिवून बंद करू नका. एक्स-रे लगेच होत असेल तर हाताचा आणि तुटलेल्या भागाचा, दोन्हींचा काढा. होत नसेल तर सोडून द्या, आम्ही काढू. डब्यावर नाव, अपघाताची वेळ आणि थंड केल्याची वेळ लिहा आणि डबा रुग्णाच्याच गाडीत द्या. रुग्ण एका गाडीत आणि बोट मागच्या मोटारसायकलवर, असं होऊ देऊ नका.

प्रत्येक तुटलेलं बोट जोडलं जात नाही, हेही सांगायला हवं. कोयत्याचा वार स्वच्छ असतो, उस डाव्या हातानं धरलेला असतो म्हणून डावा अंगठा आणि बोटं जातात, आणि ती चांगली जोडली जातात. कुट्टीचं पातं स्वच्छ कापतं, पण कधी एकाच बोटाचे दोन-तीन तुकडे करतं. मळणी यंत्र ओढतं आणि पिळतं, प्रेस चिरडते, तिथं आशा कमी. अंगठा असेल तर आम्ही शेवटपर्यंत प्रयत्न करतो, कारण हाताच्या कामातला जवळपास ४० टक्के वाटा एकट्या अंगठ्याचा असतो. एकापेक्षा जास्त बोटं, तळहात, मनगट आणि लहान मूल असेल तरही तसंच. मोठ्या माणसाचं एकच बोट मुळाशी तुटलं असेल तर ते जोडून ताठ राहण्यापेक्षा न जोडलेलं बरं, असा सल्ला कधी कधी द्यावा लागतो. पण हा निर्णय खळ्यावर घ्यायचा नाही. चिरडलेल्या बोटाची कातडी, हाड, नसही शेजारच्या बोटासाठी वापरता येते. म्हणून सापडेल तो प्रत्येक तुकडा आणा. भुशाच्या ढिगात, कुट्टीच्या तोंडाशी, हातमोज्याच्या आत शोधा. बांधावर पुरून टाकलेलं बोट दोन तासांनी उकरून आणल्यावर आमच्या हाती काही उरत नाही.

जोडलेल्या बोटाची नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, त्यामुळं जाणीव यायला महिने लागतात, व्यायामही तेवढेच दिवस. सोयाबीन काढून हरभरा पेरायच्या घाईत असलेल्या घराला हे आधी सांगितलेलं बरं.

आपल्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. मळणीच्या आणि गळीत हंगामाच्या सुरुवातीला तालुका पानावर बर्फ-पाणी आणि दोन पिशव्यांची एक छोटी चौकट चित्रासह छापा, म्हणजे ती कापून खळ्यावर, कुट्टीच्या शेडमध्ये, टोळीच्या मुकादमाकडे चिकटवता येईल. आणि हात गेल्याची बातमी पाठवणाऱ्या वार्ताहरांना तीन गोष्टी विचारायला सांगा: अपघात किती वाजता झाला, तुटलेला भाग कशात नेला, आणि तो मायक्रोस्कोप असलेल्या रुग्णालयात किती वाजता पोचला.

आपले विश्वासू,
तुटलेले अवयव जोडण्याच्या शस्त्रक्रियेत काम करणारे डॉक्टर व परिचारिका,
छत्रपती संभाजीनगर